दोन जावांचं सरपण

फेहिम ट्रॅक्टरला जोडलेली गोल करवत घेऊन डोंगरातल्या ग्राबोव्हिक गावाला चढून आला, तो जूनचा दुसरा आठवडा होता. दरवर्षी याच सुमाराला तो यायचा, एका अंगणातल्या दोन्ही घरांचे ओंडके एका दिवसात कापून द्यायचा आणि दोन्हीकडं जेवून जायचा. त्या दिवशी मेव्लिदाचं आठ घनमीटर बीचचं लाकूड अकराच्या आत कापून झालं. करवत बंद करून, कानातले कापसाचे बोळे काढत त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"काकू, हानिफाकाकूंचे ओंडके कुठायत?"

"असतील मागं."

"मागं नाहीत. गाडी वळवताना बघितलं मी."

"मग यायचे असतील अजून."

"येणार कुणाकडून? रानातला माल मीच ओढतो, आणि मला तर त्यांनी सांगितलंच नाही." फेहिम हसला. "मला वाटलं, या वर्षी तुम्ही दोघी एका चुलीवर आलात. म्हटलं, सूर्य कुठून उगवला ते बघावं."

मेव्लिदाला हसू आलं नाही. तिनं पलीकडं नजर टाकली. हानिफाची सरपणाची छपरी मोकळी होती. गेल्या हिवाळ्यातली चार लाकडं आणि कोपऱ्यात सालीचा भुगा, बाकी मागची फळ्यांची भिंत आरपार दिसत होती. गेला महिनाभर ती भिंत तिला रोज दिसत होती, पण आज कुणीतरी बोट दाखवल्यावर तिच्या मनात पाल चुकचुकली.

त्या डोंगरात जूनमध्ये ज्याच्या दारात सरपण नाही त्याच्याबद्दल लोक फार विचार करत नाहीत. तो एकतर गाव सोडणार असतो, नाहीतर जग. ऑगस्टच्या दोन तारखेला अलिजूनचा सण येतो. त्याच्या आत लाकूड कापून, फोडून, रचून झालं पाहिजे, म्हणजे उन्हाळ्याचं ऊन आणि शरदाचा वारा त्याला मिळतो. नंतर रचलेलं लाकूड चुलीत रडतं. हे मेव्लिदाला हानिफानंच शिकवलं होतं.

नात्यानं त्या दोघी जावा. हानिफा थोरली, रागिबची बायको. मेव्लिदा धाकटी, सुल्योची. एक अंगण, दोन घरं, मध्ये एक आलुबुखाराचं झाड. मेव्लिदा लग्न होऊन आली तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मोठ्या हौसेनं सरपणाची थप्पी लावली होती. सासू कौतुक करायला आली, तेवढ्यात हानिफानं येऊन तिसऱ्या थरातलं एक लाकूड नुसतं ओढलं. अख्खी थप्पी खाली आली.

"नोव्हेंबरात पडली असती तर बर्फात पडली असती," हानिफा म्हणाली होती. "आता पडली ते बरं झालं. टोकाला कैची घाल. दोन उभी, दोन आडवी. भिंतीपासून हातभर लांब. आणि वरच्या थराची साल आभाळाकडं ठेव, पाणी ओघळून जातं."

मेव्लिदा त्या दिवशी रडली, पण तिची थप्पी त्यानंतर कधी पडली नाही. हानिफाचं सगळं असंच होतं. तिचं शिकवणं खरं असायचं आणि चिमटा घेऊन जायचं. तरी पहिली नऊ-दहा वर्षं दोघींचं बरं चाललं. एकीनं पिता, म्हणजे सारण भरलेली पोळी, भाजली की अर्धा तवा दुसरीकडं जायचा.

मग लढाई आली. दोघा भावांना घेऊन गेली. लढाईच्या दुसऱ्या हिवाळ्यात मेव्लिदाच्या घरी ती आणि दोन वर्षांची लेक एदिना होती, हानिफाकडं ती आणि दहा वर्षांचा मुलगा नेर्मिन. वरच्या रानात सुरुंग पेरलेले, तिकडं पाऊल टाकायची सोय नव्हती. रागिबनं जाण्याआधी दोन वर्षांचं लाकूड तोडून ठेवलं होतं. सुल्यो आधी गेला, त्याला सवड मिळाली नाही. जानेवारीच्या शेवटी मेव्लिदाचं सरपण संपलं.

ती हानिफाकडं गेली. हानिफानं दिलं, नाही असं नाही. पण त्या रात्रीपासून तिच्या छपरीच्या दाराला कुलूप लागलं. रोज दुपारी मेव्लिदानं यायचं, हानिफानं किल्ली काढायची आणि अकरा लाकडं तिच्या हातांवर ठेवायची. अकरा म्हणजे अकरा. बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीला लागलेलं, आणि अकरा लाकडांत लोखंडी चूल संध्याकाळपर्यंत तग धरायची, पुढं नाही. मेव्लिदानं कुंपण जाळलं. पाळणा जाळला. माहेरून आणलेली अक्रोडाची पेटी फोडून जाळली. फेब्रुवारीत एदिनाला न्यूमोनिया झाला. पोर वाचली, पण छातीत घरघर कायमची राहिली. आज ती झेनित्साला असते, शाळेत शिकवते, आणि पर्समध्ये दम्याचा फवारा असल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

पुढं दोघींचे नवरे जिवंत परत आले. घरं नीट झाली. मेव्लिदा त्या कुलपाबद्दल कधी एक शब्द बोलली नाही, सुल्योलाही तिनं सांगितलं नाही. पिता अंगण ओलांडून जातच राहिली. पण त्यानंतर तिनं हानिफाकडून उसनं काही घेतलं नाही, मीठसुद्धा नाही. दरवर्षी आपल्या गरजेपेक्षा दोन मीटर लाकूड जास्तच भरलं. आधी रागिब गेला, मग सुल्यो. वरची घरं एकेक करून रिकामी झाली. आता हिवाळ्यात ग्राबोव्हिकमध्ये धूर निघायचा तो या दोघींचाच.

फेहिम गेल्यावर मेव्लिदानं ओंडके फोडायला घेतले. कुऱ्हाड चालत होती, पण लक्ष पलीकडं. आणि लक्ष दिल्यावर काय काय दिसायला लागलं. हानिफानं कोंबड्या देऊन टाकल्या होत्या. गाद्या-रजया धुऊन, वाळवून, शिवून बांधून ठेवल्या होत्या. ती पार वाळली होती. उन्हात बसली की मानेच्या शिरा मोजून घ्याव्यात. महिन्यातून दोनदा ती खालच्या गावी दवाखान्यात जात होती आणि विचारलं की "रक्तदाब" एवढंच सांगत होती.

मेव्लिदानं एदिनाला फोन केला.

"जाऊबाईंनी लाकूड घेतलं नाही या वर्षी."

"का?"

"का म्हणजे? सत्तरी उलटली. वाळून कोळ झाल्यात. कळतं की माणसाला आपलं."

"आई, सरळ विचार ना त्यांना."

"असं विचारतात का कुणाला? तुम्ही हिवाळा बघणार का म्हणून?"

"मग फोडून दे थोडी लाकडं त्यांनाही." मग एदिना म्हणाली, "आणि तू झेनित्साला ये. एकटी काय करणार तिथं?"

"बघू," मेव्लिदा म्हणाली. ती नेहमीच बघू म्हणायची.

जुलैभर मेव्लिदा बदललेल्या बाईसारखी वागली. बटाट्याची पिता, भरलेल्या मिरच्या, चिकनचं सूप, रोज काहीतरी पलीकडं जाऊ लागलं. हानिफा ताटाकडं बघायची, मग तिच्याकडं.

"अगं, झालंय काय तुला? बैरामचा सण होऊन महिना झाला."

"जास्त झालं होतं."

"एकट्या बाईचं रोज जास्त होतं? हिशोब चुकतोय तुझा."

मेव्लिदा रिकामं ताट घेऊन परत फिरायची. तिची झोप उडाली होती. तिला एकाच गोष्टीनं पोखरलं होतं. त्यांच्यात रीत आहे, माणूस मरायला टेकलं किंवा लांबच्या वाटेला लागलं की त्यानं सगळ्यांकडून माफी मागून घ्यायची, आणि सगळ्यांनी ती द्यायची. हलाल म्हणायचं. एकदा म्हटलं की विषय मिटला, वर गेल्यावर त्याचा जाब नाही. हानिफा मानी बाई, ती मागायला येणार नाही. आणि न मागता, न देता ती गेली तर? तेवीस वर्षं उरात ठेवलेलं ते कुलूप मेव्लिदानं मग कुणाच्या पुढ्यात ठेवायचं?

अलिजूनच्या आदल्या दुपारी ती गेली. हानिफा ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सोलत होती. मेव्लिदा समोर बसली आणि घाव घालावा तसं एकदम बोलून मोकळी झाली.

"जाऊबाई, त्या हिवाळ्यातलं कुलूप. अकरा लाकडं. मी ते धरून बसले होते. माझ्याकडून हलाल आहे. तुम्ही मागायची गरज नाही."

हानिफाच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कोण मरतंय?"

"तसं नाही..."

"नाही, कोण मरतंय ते सांग की. मी?"

"तुम्ही लाकूड घेतलं नाहीत."

हानिफानं शेंगांचं भांडं बाजूला सारलं. "मी मरत नाही, मेव्लिदा. मी परदेशी चाललेय, ग्राझला. नेर्मिनकडं. ऑक्टोबरात तो न्यायला येणार आहे. खोली तयार केलीय त्यांनी."

मेव्लिदाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. "कधी ठरलं?"

"वसंतात."

"आणि मला?"

"तुला सांगायला तोंड नव्हतं. तू एकटी पडणार इथं. रोज म्हणायचे, उद्या सांगीन. मग तू ताटं आणायला लागलीस, आणखीच जड झालं."

"महिनाभर मी तुमच्यासाठी रडतेय इथं."

"ते सूप खारट का लागायचं ते आता कळलं," हानिफा म्हणाली. पण हसली नाही. तिनं पदराशी चाळा करावा तसं डोक्यावरच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तू बोललीसच आहेस तर ऐक. नाहीतर मी हे तिकडं घेऊन गेले असते. त्या वर्षी मला पुरून उरलं होतं."

"काय?"

"लाकूड. एप्रिलात बर्फ गेलं तेव्हा माझ्याकडं दोन रांगा शिल्लक होत्या. गवताच्या गंजीमागं रचल्या होत्या मी, तुला दिसू नयेत म्हणून. फेब्रुवारीत, एदिना आजारी होती तेव्हा, मला ठाऊक होतं की उरणार आहे. रोज किल्ली हातात घ्यायचे आणि म्हणायचे, आज वीस देते. आणि अकराच द्यायचे. भ्यायले होते मी. दुसरं काही नाही. नुसती भ्यायले होते."

आलुबुखाराच्या झाडावर गांधीलमाशा घोंघावत होत्या.

"त्या दोन रांगांचं काय केलंत?"

"पुढच्या हिवाळ्यात जाळल्या. आणखी काय करणार."

"मी पाळणा जाळला, जाऊबाई."

"माहिताय मला. धुराचा वास आला होता. रंगवलेल्या लाकडाचा वेगळा येतो." हानिफानं मान वर केली. "ऑक्टोबरात निघताना मागणारच होते तुझ्याकडं. आता मागते. याचंही हलाल कर."

मेव्लिदा उठली आणि आपल्या घरी गेली. अंगण ओलांडताना तिला वाटत होतं, दिलेली माफी परत मागता येत असती तर आत्ता मागितली असती. कुलपाला दिली होती ती. कुलूप तिला समजत होतं. घरात पोर आहे, हिवाळा केवढा लांबेल ठाऊक नाही, बाई कुलूप लावते. आतल्या आत ती स्वतःलाही विचारायची, मी काय केलं असतं? पण गंजीमागच्या दोन रांगा तिला समजत नव्हत्या.

त्यानंतर अंगणातून काहीच गेलं नाही, आलंही नाही. मेव्लिदानं उरलेलं लाकूड फोडलं आणि रचलं. एवढं सुंदर तिनं कधी रचलं नव्हतं, आणि एवढ्या रागात तर कधीच नाही. प्रत्येक लाकूड ठेवताना ती दुसऱ्यावर आपटून बघायची. वाळलेलं टणकन वाजतं, ओलं धप्प करतं.

ऑक्टोबरात नेर्मिन आला. अंगानं सुटलेला, बोलण्यात जर्मन शब्द घुसलेले. त्यानं दोन बॅगा गाडीत ठेवल्या. हानिफा नवा कोट घालून दारात उभी राहिली. मेव्लिदा पलीकडून आली, तिनं तिसरी बॅग उचलून गाडीपर्यंत नेली, हानिफाचा हात हातात घेतला.

"घराची किल्ली ठेव," हानिफा म्हणाली. "नळ फुटला तर बघ."

"बघते."

"मेव्लिदा."

"सांभाळून जा," मेव्लिदा म्हणाली. तो एक शब्द तिच्या जिभेवर आलाच नाही. हानिफानं थोडा वेळ वाट पाहिली, मग ती गाडीत बसली. गाडी वळणावर दिसेनाशी होईतो मेव्लिदा उभी होती, आणि नंतरही.

त्या हिवाळ्यासारखा हिवाळा तिनं पाहिला नव्हता. थंडी काही फार नव्हती. पण सकाळी खिडकी उघडली की समोरचं धुराडं थंड असायचं, त्याच्यावर बर्फाची टोपी. आपण बोलून किती दिवस झाले हे तिला रविवारी एदिनाचा फोन आला की कळायचं. आवाज घोगरा निघायचा. हानिफाचा फोन आला नाही. तिनंही केला नाही. नेर्मिनकडून एदिनाला कळे: आई बरी आहे, बाहेर पडत नाही, तिथल्या गरम पाइपाच्या भिंतींना हात लावून बघते आणि म्हणते, जाळ कुठंय. जिन्यावर पाय घसरला, मोडला नाही. हे ऐकलं की मेव्लिदाला वाटायचं, ती तिथं गेली, म्हणजे देवाघरी, तर? शब्द तर आपल्याकडंच राहिला. मग राग यायचा. राहिला तर राहिला. एदिनाच्या छातीतली घरघर कोण परत घेणार आहे?

जानेवारीत नळ बघायला म्हणून ती पलीकडच्या घरात गेली. नळ ठीक होता. पण भिंती गार, कोपऱ्यात काळी बुरशी, शिवून ठेवलेल्या रजयांना कुबट वास. माणूस नसलेलं घर किती लवकर माणूस नसल्यासारखं होतं, हे बघून ती चरकली. परत जाऊन तिनं आपल्या थप्पीतून हातांवर मावतील तेवढी लाकडं आणली आणि हानिफाच्या चुलीत जाळ केला. स्वतःला तिनं सांगितलं, नळासाठी. दोन तास ती स्टुलावर बसून राहिली. चूल तापली तशी खिडकीवरची वाफ ओघळायला लागली.

मग ती दर शुक्रवारी जायला लागली. मार्चपर्यंत गेली. एकदा तर जाळ करून ती रिकाम्या खुर्चीशी भांडली. "दोन रांगा," ती मोठ्यानं म्हणाली. "एक तरी द्यायची होती. एक." आणि मग उठून चुलीत आणखी दोन लाकडं सारली, कारण आग उतरत होती. मार्चच्या शेवटी तिचं स्वतःचं सरपण तळाला लागलं. पहिल्यांदाच तिला फेहिमकडून ऐनवेळी एक गाडी मागवावी लागली. ओलंच मिळालं. धुरानं डोळे चुरचुरत राहिले.

मे महिन्यात हानिफा आली. नेर्मिन उन्हाळ्यापुरतं सोडून गेला. दार उघडून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. ती आणखी लहान झाली होती, डाव्या पायानं जपून चालत होती.

"चुलीत राख कुणाची?"

"उंदरांची असेल," मेव्लिदा म्हणाली.

"उंदीर बीच जाळतात वाटतं आता."

"इथले जाळतात."

हानिफानं मान हलवली. मग म्हणाली, "बुरशी नाही भिंतींना."

"एका कोपऱ्यात होती. पुसली."

जूनमध्ये फेहिम आला तेव्हा ट्रॅक्टरवर सोळा मीटर ओंडके होते. मेव्लिदानं आठ सांगितले होते. तिनं फेहिमकडं बघितलं, त्यानं हनुवटीनं पलीकडं दाखवलं.

"तुम्ही राहणार आहात?" तिनं हानिफाला विचारलं.

"नेर्मिन ऑक्टोबरात येतो म्हणालाय."

"मग हे कशाला?"

"मला ठाऊक नाही," हानिफा म्हणाली. "दारात नसलं की झोप लागत नाही. तिकडंही लागत नव्हती."

कापणी झाली. फोडायचं मेव्लिदानं आणि फेहिमनं मिळून केलं, हानिफाला कुऱ्हाड उचलवत नव्हती. रचायला मात्र ती आली. खाली बसून एकेक लाकूड उचलून द्यायची, मेव्लिदा ते थरावर ठेवायची. पहिले दोन दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. हे जाड आहे, तळाला घे. हे वाकडं, टोकाला नको. तिसऱ्या दिवशी सकाळी, छपरी कमरेइतकी भरली होती, तेव्हा मेव्लिदा पाठमोरीच म्हणाली,

"कुलपाचं हलाल केलं ते केलं. ते काही मी परत घेत नाही."

मागं हानिफाचा हात थांबला.

"त्या दोन रांगांचं अजून जमत नाही मला. हिवाळाभर बघितलं म्हणून. जमत नाही."

"बरं," हानिफा म्हणाली.

"जमलं तर सांगीन. फोनवरही सांगता येतं म्हणे, इमामांना विचारलं मी."

"येतं. चालतं फोनवर."

"तोवर काही होऊ देऊ नका तिकडं."

हानिफानं ढिगातून एक बरंच लांब लाकूड उचललं, दोन्ही हातांनी तोललं आणि वर धरलं. मेव्लिदानं ते घेतलं, आधीच्या लाकडावर आपटून आवाज ऐकला, आणि थराच्या मधोमध बसवलं. दुपारी जेवायला थांबायचं की थप्पी आधी पुरी करायची यावरून दोघींत थोडं वाजलं, आणि मग त्या थप्पी पुरी करायला लागल्या.